आबांच्या कोनाड्यातलं प्रस्थान

१

नीळकंठराव बॅग खांद्याला लावून वजनकाट्यावर चढले, आकडा पाहून उतरले. मग बॅग भिंतीशी टेकवून रिकाम्या हातांनी पुन्हा चढले. पंच्याऐंशी किलो आठशे. एकाहत्तर किलो चारशे. वजाबाकी चौदा किलो चारशे. पंधरापर्यंत परवानगी होती. त्यांनी डायरीत तारीख घालून तिन्ही आकडे लिहिले आणि पुढे ‘सहाशे ग्रॅमला वाव’ अशी नोंद केली.

“त्या सहाशे ग्रॅममध्ये माझ्या चकल्या बसतील,” इंदिराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“बसतील. पण डब्यासकट मोजीन.”

“मोजा. मलाही मोजा.”

“तुझं झालंय. अठ्ठावन्न दोनशे.”

“अगं बाई! तेही लिहून ठेवलंत?”

ठेवलं होतं. नीळकंठरावांनी चौतीस वर्षं कालव्याच्या पाण्याची मोजदाद केली होती. बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या चाऱ्यांवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यांवर, सकाळ-संध्याकाळ पट्टीवरचा आकडा बघायचा आणि वहीत उतरवायचा, एवढीच नोकरी. उन्हाळ्यात पाण्याचं आवर्तन सुरू झालं की रजा मिळायची नाही, आणि इंदिराबाईंच्या शाळेला सुट्टी नेमकी उन्हाळ्यातच. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण दोघं मिळून चार दिवस कुठे गेले असं झालं नाही. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच ते म्हणाले होते, “इंदू, आता तू म्हणशील तिथं.”

इंदिराबाई थट्टेत म्हणाल्या, “आफ्रिकेत.”

थट्टा खरी झाली, कारण विजयसिंह भेटला. लोणी देवकरच्या कारखान्यातली नोकरी सोडून हा चाळिशीचा गडी लोकांना जंगलं दाखवत फिरायचा. या खेपेला बारा जण, टांझानिया, सहा मुक्काम तंबूत. त्याच्या सूचना नीळकंठरावांना फार आवडल्या. बॅग मऊ हवी, तिला चाकं नकोत. निळे-काळे कपडे नकोत, त्यावर चावऱ्या माश्या येतात. पिवळ्या तापाची लस. बूट आधीच पायाला बसवलेले हवेत आणि तळवे धुतलेले, इथल्या गवताचं बी तिकडे जायला नको. प्रत्येक सूचनेपुढे डायरीत चौकोन होता आणि एकेका चौकोनात बरोबरची खूण येत होती.

इंदिराबाईंची एकच अट होती. “मी येते. पण तंबूच्या दाराच्या बाजूला तुम्ही झोपायचं. बाहेर काही हुंगत आलं, तर मध्ये तुम्ही असायला हवं.”

“झिपकडची बाजू माझी. ठरलं,” ते म्हणाले. तेही लिहिलं.

२

निघायचा रविवार अमावास्येचा निघाला.

“विमान पंचांग बघून उडत नाही, इंदू.”

“नको उडू दे. आपण गुरुवारी प्रस्थान ठेवू. सासूबाई ठेवायच्या.”

आईचं ते प्रस्थान नीळकंठरावांना आठवत होतं. प्रवासाचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी बरोबर न्यायची एखादी वस्तू फडक्यात बांधायची, तांदूळ-सुपारी घालायची आणि जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडे ठेवून यायची. मग माणसानं त्याच दिवशी घर सोडलं असं धरतात. त्यांचा विश्वास नव्हता, पण कामात ढिलाई त्यांना सोसत नसे. त्यांनी होकायंत्र काढून दिशा पाहिली. नैर्ऋत्य. नैर्ऋत्येला बोळाच्या पलीकडे दत्तोबाआबांचं घर होतं.

आबा ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर ऊस केला, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी गाठोडं चाचपलं. “ह्यात काय हाय?”

“नवी टोपी.”

“नुसत्या नव्यावर भागत न्हाय, नीळकंठराव. आंगाशी लागलेलं कायतरी पायजे.”

आबांची सून स्वरूपा पदरात हसली. नीळकंठराव घरी गेले आणि बूट घेऊन आले. तीन आठवडे कालव्याच्या भरावावरून चौऱ्याऐंशी किलोमीटर चालून त्यांनी ते पायाला बसवले होते. मग जुन्या टूथब्रशनं तळवे धुऊन, शिवणीत अडकलेली कुसळं सुईनं एकेक करून काढली होती. डाव्या बुटाची नाडी सुटायची, म्हणून तिला ते दुहेरी गाठ मारत.

“ह्ये ब्येस,” आबा म्हणाले. इंदिराबाईंनी गाठीवर हळदीचं बोट लावलं आणि गाठोडं देवळीशेजारच्या कोनाड्यात गेलं. “झालं. निघालात बघा तुमी.”

“रविवारी दुपारी दोनला निघणार, आबा.”

“त्ये तुमचं.” आबांनी कोनाड्याकडे हात केला. “ह्याचं निघनं झालं. नऊ दिसांत उचला, न्हायतर परत न्या आन पुन्यांदा ठिवा. आन मधीच तसं टाकून द्यायचं न्हाय.”

३

शनिवारी विजयसिंहचा निरोप आला. तिकडे अवेळी पाऊस होऊन कॅम्पचा रस्ता वाहून गेला होता. निघणं चौदा दिवसांनी पुढे.

“मग आबांकडचं परत आणायला हवं,” इंदिराबाई म्हणाल्या.

“बूट इथं राहिले काय नि तिथं राहिले काय. आता कुठं आणा-ठेवा करत बसतेस!”

डायरीत ‘प्रस्थान परत आणणे’ असं त्यांनी लिहिलं, पुढे चौकोन काढला आणि तो रिकामा सोडला.

रविवारी दुपारी ते पेपर वाचत बसले होते. घड्याळात दोन वाजले तेव्हा आबांच्या घरासमोर गाडी थांबल्याचा आवाज आला. दार लागलं. गाडी गेली. त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर बोळात धूळसुद्धा उडालेली नव्हती.

चार वाजता इंदिराबाई चहाचा एकच कप घेऊन बाहेर आल्या आणि झोपाळ्यावर बसून पिऊ लागल्या.

“माझा?”

त्या इतक्या दचकल्या की चहा बशीत सांडला. “अगं बाई, तुम्ही घरातच आहात!”

“मग कुठं असणार?”

“नाही… निघायची वेळ डोक्यात बसली होती ना. करते हं.”

सोमवारी सकाळी नीळकंठरावांच्या फोनची रेंज गेली, ती गेलीच. काट्यावर बॅगेसकट चौऱ्याऐंशी पाचशे, बॅगेशिवाय सत्तर शंभर. बॅग तीच, चौदा चारशे. चालण्यानं उतरलं असेल, त्यांना बरंच वाटलं. ते झाडांना पाणी घालत असताना कुंपणापलीकडून स्वरूपानं हाक मारली.

“काकू, काका पोचले का नीट?”

इंदिराबाई हसल्या. “हे काय, पाणी घालतायत की!”

स्वरूपानं झाडांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग थोरामोठ्यांचं मन राखायला म्हणतात तसं म्हणाली, “व्हय की.”

४

बुधवारी चौसष्ट. शुक्रवारी अठ्ठेचाळीस.

नीळकंठरावांनी काट्यातले सेल बदलले. दहा किलो तांदळाची पिशवी ठेवली. काटा दहा म्हणाला. इंदिराबाईंना उभं केलं, अठ्ठावन्न दोनशे. काटा बरोबर होता, हीच पंचाईत होती. त्यांनी पट्टा त्याच भोकात लावला, शर्ट घातला, आरशात पाहिलं. तेवीस किलो गेलेला माणूस असा दिसत नाही. मोजण्यात काहीतरी चूक असणार, असं त्यांनी लिहिलं, आणि ते लिहिताना अक्षर फिकं उमटतंय हे पाहून पेन बदललं.

“इंदू, माझ्याकडं बघ. मी बारीक झालोय का?”

इंदिराबाई चकल्यांचा डबा भरत होत्या. उत्तर आलं, पण डबा भरून, झाकण लावून, कपडा गुंडाळून झाल्यावर. “तुम्ही काही म्हणालात का?”

शनिवारी विजयसिंहनं सगळ्यांना सरावासाठी इंदापूरकडच्या माळावर नेलं. तंबू उभारायचा, त्यात तासभर काढायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. गवत वाळून सोनेरी झालं होतं. दूरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. हातोडी नीळकंठरावांकडे होती. त्यांनी आठही खुंट्या ठोकल्या, पण शेवटच्या दोन वेळी हातोडी फार जड लागली.

“काकू, तुमचा तंबू सगळ्यात आधी!” विजयसिंह म्हणाला. “एकटीनं उभारलात?”

“कळलंच नाही कसा झाला,” इंदिराबाई म्हणाल्या.

नीळकंठराव हातोडी धरून मध्येच उभे होते. विजयसिंहनं माणसं मोजली. बोट त्यांच्यावरून गेलं, थांबलं नाही. “अकरा. बरोबर. काका पुढे गेलेत ना.”

“अरे विजयसिंह, थट्टा पुरे,” ते म्हणाले. कुणीच हसलं नाही. म्हणजे थट्टा नव्हती.

तंबू सात फूट लांब आणि पाच फूट रुंद होता. इंदिराबाईंनी दोन चटया अंथरल्या आणि आतल्या बाजूला आडव्या झाल्या. नीळकंठराव झिपेच्या बाजूला झोपले आणि त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. बाहेर ऊन उतरत होतं. जवळच कुठेतरी खोकड ओरडलं. इंदिराबाईंनी श्वास धरला.

“हे असते तर भीती वाटली नसती,” त्या तंबूच्या छताला म्हणाल्या.

त्यांचा हात तिच्या मनगटावरच होता. तिनं दुसऱ्या हातानं तिथे हलकेच खाजवलं.

५

सोमवारी सकाळी ते आबांकडे गेले. प्रस्थान ठेवून अकरा दिवस झाले होते. आदल्या रात्री त्यांनी डायरी पहिल्यापासून वाचली होती, आणि साऱ्या पानांवर एकच चौकोन रिकामा होता.

आबा बाजेवर उन्हात बसले होते.

“आबा, मी नीळकंठ. गाठोडं न्यायला आलोय.”

आबांनी वाऱ्याकडे करावा तसा चेहरा फिरवला. “कोन हाय?”

“नीळकंठ.”

“कुनाशी बोलताय आबा?” स्वरूपा घरातून म्हणाली.

“कुनी न्हाय. दार हाललं वाटतं.”

नीळकंठराव आत गेले. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते न विचारता कुणाच्या घरात शिरले नव्हते. स्वरूपा शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. कोनाड्यात गाठोडं तसंच होतं. इंदिराबाईंची गाठ, गाठीवरची हळद, सगळं जागच्या जागी. फक्त फडक्याला कुसळं लागली होती.

लागली होती असं म्हणणं बरोबर नव्हतं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. शेकडो कुसळं आतून बाहेर टोचून आली होती आणि त्या सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला होती. त्यांनी एक ओढून घेतलं. बोटभर लांब, टोकाला काळं, दोरीसारखा पीळ घेतलेलं. कालव्याकाठचं आणि माळावरचं गवत त्यांनी जन्मभर पायाखाली तुडवलं होतं. हे त्यातलं नव्हतं.

त्यांनी गाठोडं दाबून पाहिलं. आत बूट नव्हते. तांदूळ बोटांखाली सरकले, सुपारी लागली. बाकी चपटं फडकं. त्यांनी गाठ सोडायला घेतली. नखं दुखली, पण गाठ हलली नाही. मग ते नुसतंच उचलायला गेले. मूठभर तांदूळ आणि एक सुपारी, तेवढंसुद्धा त्यांच्यानं उचलवलं नाही.

कालव्यात सोडलेलं पाणी टोकाला कमी भरलं, तर ते नाहीसं झालेलं नसतं. कुठेतरी मुरलेलं असतं, कुणाच्या तरी रानात पोचलेलं असतं. हे त्यांना चौतीस वर्षं ठाऊक होतं. आपलं कुठे पोचलंय, हा प्रश्न त्यांनी मनात पुरता येऊ दिला नाही.

घरी येऊन ते काट्यावर चढले. एकवीस किलो सहाशे. मग बॅग कशीबशी काट्यावर ओढून चढले. छत्तीस किलो. बॅग मात्र ग्रॅमभरसुद्धा बदलली नव्हती.

त्या दिवसापासून ताट एकच लागलं.

ते रोज बोलत राहिले. मंगळवारी रागावून, बुधवारी समजावून, गुरुवारी शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सोपं करून. “इंदू, जाऊ नकोस. मी इथं आहे. तिथं जे असेल ते मी नाही.” इंदिराबाई कधी मध्येच थबकायच्या, गॅस बंद केलाय ना ते बघायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. शुक्रवारी नीळकंठरावांनी पिवळ्या तापाचं तिचं कार्ड फडताळामागे टाकायचा प्रयत्न केला. कार्ड बोटांतून घसरून पुन्हा टेबलावर पडलं. “वारा किती सुटलाय,” म्हणत तिनं ते पर्समध्ये ठेवलं.

६

रविवारी दुपारी पावणेदोनला गाडी आली. विजयसिंह उतरला.

“चला काकू! बॅग एवढीच?”

“दोघांचं मिळून एकात बसवलंय. हे लिहून गेले होते तसंच भरलं बाई. चकल्यांसकट.” इंदिराबाईंनी खाकी कुर्ता घातला होता. त्या उजळ दिसत होत्या, सहलीला निघालेल्या मुलीसारख्या. त्यांना इतकं आनंदात नीळकंठरावांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

ते दारात आडवे उभे राहिले. विजयसिंह बॅग घेऊन आला. तेवढ्यापुरतं त्यांना अंगावरून कापड गेल्यासारखं वाटलं, आणि बॅग बाहेर होती.

“काकांचा काही निरोप?” विजयसिंहनं विचारलं.

“हा बघा की, आत्ताच फोटो आलाय.”

इंदिराबाईंनी फोन पुढे केला. नीळकंठरावांनी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. वर त्यांचं स्वतःचंच नाव होतं. पिवळट उजेड, उंच गवत, हिरवा तंबू. दाराशी बूट टाचेला टाच लावून नीट ठेवलेले. डाव्याच्या नाडीला दुहेरी गाठ. झिप वीतभर उघडी होती आणि आत अंधार. त्यांनी तंबूच्या कापडाकडे पाहिलं. झिपेच्या बाजूला आत कुणीतरी झोपलं होतं, त्याच्या पाठीनं कापड बाहेर फुगलं होतं. फुगवटा तंबूच्या या टोकापासून सुरू होऊन त्या टोकापर्यंत गेला होता. सात फूट. आणि त्या टोकाला जागा पुरली नव्हती म्हणून वर वळला होता.

“जागा धरून झोपलेत काका,” विजयसिंह हसला.

“ठरलंच होतं आमचं तसं.”

फोन वाजला. इंदिराबाईंनी घाईनं कानाला लावला. “हां, निघतेच आहे… हो, घेतल्यात चकल्या… तुम्ही झिपेच्याच बाजूला ना?”

नीळकंठरावांनी कान फोनजवळ नेला. त्यांचाच आवाज होता. तोच, थोडा घोगरा, आकडे सांगितल्यासारखा सावकाश. “झिपकडची बाजू माझी. तू ये, इंदिरा.”

“आज एकदम इंदिरा?” त्या म्हणाल्या. क्षणभर त्यांच्या कपाळावर बारीक आठी आली. नीळकंठराव तिच्या कानाशी ओरडले, “इंदू!” आयुष्यात ते कुणावर एवढ्यानं ओरडले नव्हते.

आठी गेली. “जंगलात जाऊन साहेब झालात वाटतं!” त्या हसून म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकला.

बोळापलीकडून स्वरूपा आली. तिच्या हातात घडी घातलेलं फडकं होतं. “आबा म्हनले, ह्ये मोकळं झालं, काकूंना देऊन ये.” इंदिराबाईंनी ते कपाळाला लावून पिशवीत ठेवलं. मग घराकडे तोंड करून, रिकाम्या घराला म्हणतात तसं म्हणाल्या, “येते हं.”

कुलूप बाहेरून लागलं. गाडीचं दार लागलं. या वेळी बोळात धूळ उडाली.

नीळकंठराव काट्यावर चढले. पाय ठेवला की काच उजळायची. आज ती उजळली नाही. ते उतरले, पुन्हा चढले, दोन्ही पाय नीट मध्यावर घेतले आणि वाट पाहत राहिले. पाणी पट्टीला लागेपर्यंत वाट पाहायची त्यांना सवय होती. समोर टेबलावर डायरी उघडी होती. प्रवासाचं वेळापत्रक त्यांनी स्वतःच उतरवून काढलं होतं, त्यामुळे ते वाचायची गरज नव्हती. रात्री मुंबई. उद्या दुपारी पलीकडचा विमानतळ आणि तिथेच मुक्काम. परवा पहाटेपासून जीपचा रस्ता. परवा संध्याकाळी साडेसहाला, उजेड असतानाच, इंदू त्या तंबूसमोर उतरेल, बुटांशेजारी स्वतःचे बूट टाचेला टाच लावून ठेवेल, आणि झिप आतून उघडेल.